मानेवरची खूण दिसू दे

आधीच सांगतो

हे मी गुणी पेशंटांसाठी लिहीत नाही. त्यांच्यासाठी पुष्कळ लिहिलेलं आहे. दवाखान्याच्या बाकावर बसलं की कोणी ना कोणी तसलं काहीतरी हातात आणून देतं. मन प्रसन्न ठेवा, सगळ्यांना माफ करा, रागाने आजार वाढतो. मी सगळं वाचलं आणि मला त्यातलं एकही जमलं नाही. मी मुगाची खिचडी गिळली ती एका माणसाचा सूड घ्यायचा होता म्हणून. गोळ्या वेळेवर घेतल्या त्याही त्याच कारणासाठी. ज्यांना आजारपणात असा राग येतो आणि वर रागाचीच लाज वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन गोष्टींचा माज

माझं नाव बालाजी. मूळचा उदगीरकडचा, गेली वीस वर्षं भोसरीत. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे माल बाहेर जाण्याआधी शेवटचा हात माझा. कडेला राहिलेला केसाएवढा काटासुद्धा बोटाला लागतो.

मला दोन गोष्टींचा माज होता. एक, हजेरीचा. शंभर टक्के हजेरीची सात सर्टिफिकिटं आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावली होती, देवाच्या फोटोच्या शेजारीच. दुसरा माज केसांचा. कॉलेजपासून मी केस मागे वळवलेले, मानेवर कॉलरपर्यंत रुळणारे ठेवायचो, कान अर्धे झाकलेले. कंपनीत मला लांबून केसांवरून ओळखायचे. बायको सुनीता म्हणायची की आरशासमोर तिच्यापेक्षा मला जास्त वेळ लागतो, आणि ते खरं होतं.

हे केस सतरा वर्षं एकाच माणसाच्या हातात होते. विलास. आळंदी रोडला त्याचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. मी भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहत होतो तेव्हापासून त्याच्याकडे जातो. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी सहा, डावीकडची खुर्ची. काय करू, असं त्याने मला कधी विचारलं नाही. केस झाले की तो मान आणि खांदे रगडून द्यायचा आणि त्या दहा मिनिटांत माझा महिन्याभराचा शीण जायचा.

विलासची बोटं

फेब्रुवारीतल्या शनिवारी मान रगडता रगडता त्याचा हात उजव्या कानाच्या खाली थांबला. तो म्हणाला, इथे गाठ आहे, गेल्या महिन्यात नव्हती. मी हात लावून पाहिला. बोराच्या बीएवढी, दुखत नव्हती. हेल्मेटच्या पट्ट्याने आली असेल म्हटलं.

मार्चच्या शनिवारी त्याने आधी तिथेच हात घातला. वाढलीय म्हणाला. दाखवा, असं दोनदा म्हणाला. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या मालातले दोष बोटाने शोधतोय आणि माझ्या स्वतःच्या मानेवरची गाठ शोधली ती विलासने. केसांच्या खाली असल्याने घरातही कोणाला दिसली नव्हती.

सोमवारी मी आमच्या विभागप्रमुखांकडे, खैरेसाहेबांकडे, अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेरच्या कंपनीची मोठी माणसं ऑडिटला यायची होती आणि सगळ्यांची झोप उडालेली होती. खैरेंनी विचारलं, डॉक्टरने काय सांगितलंय? मी म्हटलं, अजून डॉक्टरला दाखवलं नाही, केस कापणाऱ्याला गाठ लागली.

लाइनवर बारा-पंधरा जण होते. त्यांच्याकडे वळून खैरे म्हणाले, "ऐका. आता न्हावी निदान करायला लागलेत. उद्या चहावाला येऊन सांगेल, साहेब, तुमची किडनी गेली."

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात, कारण त्या हसण्यात विलासचा अपमान होता आणि त्यात मी सामील होतो. ऑडिट होऊ दे, मग बघू, असं खैरे म्हणाले. मी अर्ज घडी करून खिशात टाकला.

अर्धे केस

ऑडिट लांबलं. एप्रिलचा पहिला शनिवार आला. मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो. विलासने डावी बाजू कापली, नीट बसवली. मग उजवीकडे आला, केस वर उचलले, गाठ पाहिली आणि कात्री औषधी पाण्याच्या बरणीत ठेवून दिली. आता ती चांगली सुपारीएवढी झाली होती.

म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "उरलेले केस डॉक्टरला दाखवून आल्यावर. तोवर असंच फिरा, भाऊ."

मला वाटलं थट्टा करतोय. तो खरंच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी ओरडलो, विनवलं, दुसरीकडे जाऊन कापून घेईन अशी धमकी दिली. तो म्हणाला, जा. सतरा वर्षांत मी दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. डाव्या बाजूला कान दिसतोय, उजवीकडे केस खांद्याकडे निघालेत, अशा अवतारात मी त्याच संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. बाकावरची बाई माझ्याकडे बघून पदराआड हसत होती. डॉक्टरांनी आधी केसांकडे पाहिलं, मग गाठ दाबली, आणि नंतर त्यांनी केसांबद्दल काही विचारलं नाही. चिंचवडच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता विलासने दुकान उघडून उरलेली बाजू कापून दिली. चिठ्ठी त्याने स्वतः वाचली, मगच कात्री हातात घेतली.

तो दिवस

गाठ काढून तपासायला पाठवली. कानाखाली दोन बोटं लांबीचा व्रण राहिला. रिपोर्टच्या दिवशी सुनीता आणि मी सकाळी दहाला जाऊन बसलो. आमच्या आधीचं कुटुंब पेढे वाटत बाहेर आलं. त्यांनी आम्हालाही पेढा दिला. तो हातात धरूनच मी आत गेलो.

लिम्फोमा, डॉक्टर म्हणाले. मराठीत सांगा म्हटलं, तर त्यांनी कॅन्सर हा शब्द वापरला. बरा होणारा आहे, सहा केमो लागतील, असं ते पुढे बरंच काही बोलले. ते सुनीताने ऐकलं. मी हातातल्या पेढ्याकडे बघत होतो, तो आता कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

मी एकच प्रश्न विचारला. दोन महिने आधी आलो असतो तर? ते खरं बोलणारे डॉक्टर होते. म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित दोन केमो कमी लागले असते, कदाचित काहीच फरक पडला नसता.

त्यातला फक्त 'कदाचित' मी घरी घेऊन आलो. पार्किंगमध्ये सुनीता गाडीला टेकून रडली. मी रडलो नाही. मला लाइनवरचं ते हसणं ऐकू येत होतं. त्या मिनिटाला मी ठरवलं की मी जगणार, आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावणार.

मिशी

दुसऱ्या केमोच्या आत केस जाणार, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. मला ते उशीवर गळायची वाट बघायची नव्हती. विलासला म्हटलं, सगळे काढून टाक. त्याने वस्तरा उचलला आणि परत ठेवला. आमच्याकडे डोकं उतरवतात ते वडील गेल्यावर, आणि माझे आप्पा गावी धडधाकट होते. बाप हयात असताना तुमच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, म्हणाला.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यानेच तोड काढली. वस्तरा नाही, मशीन लावायचं, म्हणजे मुंडण धरायचं नाही. आणि मिशी ठेवायची, कारण सुतकात मिशीही जाते. मिशी आहे म्हणजे घरात कोणी गेलेलं नाही, हे बघणाऱ्याला समजतं. वीस वर्षांचे केस पांढऱ्या कापडावर पडले तेव्हा विलासनेच तोंड फिरवलं. मी आरशात बघून मिशीला पीळ दिला.

आमच्या सोसायटीत तरीही विचारणारे भेटलेच. निम्मे विचारायचे, तिरुपतीला जाऊन आलात का? उरलेले आवाज खाली आणून विचारायचे, घरी कोण गेलं? त्यांना मी सांगायचो, अजून कोणी नाही. ते घाईने लिफ्टमध्ये शिरायचे. तीन आठवड्यांत मिशीही गळाली, भुवयाही गेल्या, आणि मग कोणीच काही विचारेना.

सोमवार

केमो दर एकवीस दिवसांनी. पहिली सोमवारी आली म्हणून पुढच्या सगळ्या सोमवारीच. सलूनं सोमवारी बंद असतात. आपल्या एकुलत्या एका सुट्टीचे सहाही सोमवार विलासने माझ्यासाठी दवाखान्यात घालवले. सुनीता शाळेत शिकवते, तिला सुट्टी नसायची, आणि मुलीची दहावी होती. सकाळी आठला तो रिक्षा घेऊन खाली उभा राहायचा.

तिथला दिवस असा जायचा. नाव पुकारतात, वजन करतात, शीर सापडेपर्यंत तीनदा टोचतात. मग आरामखुर्चीत पाच-सहा तास, वरून थेंब थेंब. जिभेवर लोखंडाची चव. समोरच्याचा डबा उघडला की पोह्यांच्या वासाने मी नाकाला रुमाल लावायचो. विलास खुर्चीमागे उभा राहून माझ्या डोक्याला हलक्या हाताने तेल लावायचा. केस नसले तरी गिऱ्हाईक आहात, म्हणायचा. आणि प्रत्येक वेळी बोटं दोन्ही कानांच्या खाली फिरवायचा. तिसऱ्या केमोला तर शेजारच्या खुर्च्यांतल्या दोन बायांनीही आपली डोकी त्याच्यासमोर केली. एक सिस्टर त्याला डॉक्टरसाहेब म्हणायच्या, तेव्हा तो लाजायचा आणि मला खैरे आठवायचे.

लाइनवर काय बोललं गेलं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड नव्हतं.

श्रद्धांजली

तिसऱ्या केमोनंतर ताप चढला आणि मला चार दिवस भरती केलं. दुसऱ्या संध्याकाळी खैरे आले, बरोबर विभागातले दोघे, हातात शहाळी. दहा मिनिटं बसले. उठताना खैरे म्हणाले, फोटो घेतो, ग्रुपवर मुलं विचारत असतात. मी नको म्हणायला हवं होतं. पण समोर मोबाइल धरला की आपले हात आपोआप जोडले जातात. टक्कल, भुवया नाहीत, मिशी नाही, हात जोडलेले. तसा फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, बालाजी यांची आज भेट घेतली.

खालचं कोण वाचतो? ग्रुपवर हात जोडलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो आला की बोटं काय टाइप करतात ते तुम्हाला माहीत आहे. पेंट शॉपच्या, म्हणजे रंगकामाच्या विभागातल्या कोणीतरी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. पहाटेपर्यंत रांग लागली.

सहाला सिस्टर ताप बघायला आल्या तेव्हा मी मोबाइल उघडला. आधी मला हसू आलं. काखेत थर्मामीटर असल्याने जिवंत असल्याची खात्री होती. हसत हसत मी खाली खाली जात राहिलो आणि शेवटी खैरेंचा मजकूर आला. आदल्या संध्याकाळी ज्याने मला शहाळं दिलं, त्याने सकाळी उठून रांग पाहिली, मी रात्रीत गेलो असं धरलं, आणि एकालाही फोन न करता लिहिलं:

"आपल्या विभागाचे निष्ठावान सहकारी बालाजी यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मानेला गाठ असतानाही ऑडिटच्या काळात त्यांनी एक दिवसही सुट्टी घेतली नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

मी ते तीनदा वाचलं. त्यांना गाठ माहीत होती. सुट्टी मी घेतली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्या मजकुराचा फोटो काढून ठेवला. तासाभरात तो ग्रुपवरून पुसला गेला आणि मग त्यांचा फोन आला. गैरसमज झाला, मनावर घेऊ नका, अशी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. मी बरं म्हटलं. माझा ताप उतरला होता.

आप्पा

खैरेंच्या आधी आणखी एक फोन येऊन गेला होता, तो मुद्दाम नंतर सांगतोय. आमच्या गावचा एकजण पेंट शॉपला आहे. त्याने पहाटेच गावी कळवलं. आप्पांना आम्ही मानेचं छोटं ऑपरेशन एवढंच सांगितलं होतं. सुनीता रोज म्हणायची की त्यांना खरं सांगा, आणि मी रोज पुढे ढकलायचो.

मी फोन उचलला. पलीकडे नुसता श्वास.

"कोण बोलायलंय?"

"आप्पा, मी बालाजी."

"तूच बोलायलास का?"

"मीच बोलायलोय, आप्पा."

मग ते म्हणाले, "मग ही लोकं दारात कशाला येऊन बसलेत?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दीड तास आपला मुलगा मेला असं समजून ओट्यावर बसला होता. माझा लाइनवरचा अपमान मी कदाचित कधीतरी विसरलो असतो. तो दीड तास विसरणार नाही.

ते मिळेल त्या गाडीने दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात आले. बिछान्यापाशी उभे राहून माझ्या डोक्याकडे, मग मिशीच्या जागेकडे बघत राहिले. "माझ्या वेळंचं आत्ताच उरकून घेतलंस व्हय," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी हात माझ्या टकलावर ठेवला तो जेवणाची गाडी येईपर्यंत काढला नाही. ते पुढे तीन महिने भोसरीत राहिले. रोज सकाळी माझ्या डोक्यावर खुंट उगवले का ते बघायचे.

सुनीताचं म्हणणं

आजारपणात घर गोडीगुलाबीने चालतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाचव्या केमोनंतर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी जेवताना पुन्हा खैरेंचा विषय काढला तेव्हा सुनीताने ताट सरकवलं. तुमच्या तोंडात माझ्यापेक्षा त्या माणसाचं नाव जास्त येतं, म्हणाली. मग तिने ते विचारलं जे इतके दिवस ती गिळत होती. "सुट्टी नाही दिली, मान्य. पण तुमची शिफ्ट साडेतीनला सुटते. आपले डॉक्टर रात्री नऊपर्यंत बसतात. तुम्ही का नाही गेलात?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. कारण उत्तर हॉलच्या भिंतीवर सात फ्रेममध्ये लटकत होतं. न्हाव्याने सांगितलं म्हणून आलो, हे डॉक्टरलाही सांगायची मला लाज वाटत होती. खैरेंनी ती लाज लावली आणि मी ती अंगाला लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मी फ्रेम उतरवल्या. सुनीताला म्हटलं, माझा वाटा मी घेतला, आता त्याचा वाटा त्याला द्यायचाय. तिने एका रिकाम्या खिळ्यावर कॅलेंडर लावलं.

कट

ऑगस्टअखेर सहावी केमो झाली. तपासणी चांगली आली. डॉक्टरांनी दसऱ्याच्या सुमाराला कामावर जायला परवानगी दिली. मी दिवस निवडला खंडेनवमीचा. त्या दिवशी कंपनीत मशिनींची पूजा असते, झेंडूच्या माळा घालतात, वरचे साहेब नारळ फोडतात, तिन्ही शिफ्टची माणसं एकत्र असतात. मला ती सगळी माणसं हवी होती.

माझ्या मनातलं चित्र पक्कं होतं. मागे वळवलेले केस, कॉलरपर्यंत, जुना बालाजी जसाच्या तसा. जणू काही झालंच नाही. पण डोक्यावर होतं अर्धं बोट उंचीचं, कुरळं, करडं काहीतरी. विलासला म्हटलं, विग बघ, रंग बघ, काहीही कर, पण मला माझे केस पाहिजेत. आणि का पाहिजेत ते सांगताना लाइनवरचं ते वाक्यही शेवटी तोंडातून गेलं. न्हावी निदान करायला लागलेत. आणि मीही हसलो होतो, हेही सांगितलं.

विलासचा हात थांबला. आरशात तो माझ्याकडे बघत होता. तुम्हीपण हसलात, एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं, माफी मागितली. त्याने खांद्यावरचं कापड झटकून पुन्हा नीट बांधलं. मग छोटा आरसा घेऊन माझ्या मानेमागे धरला. कानाखालचा व्रण मी इतक्या नीट कधी पाहिला नव्हता, गुलाबी, दोन बोटं लांब.

"जुन्या केसांत गेलात, तर ते म्हणतील याला काय झालं होतं? ठणठणीत तर आहे," विलास म्हणाला. "झाकताय कोणासाठी, भाऊ? खूण दिसू दे."

त्याने दोन्ही बाजू मशीनने पार खाली आणल्या, वरचे तेवढे ठेवले आणि कडा वस्तऱ्याने रेघ मारल्यासारख्या साफ केल्या. कुरळे, करडे केस त्याने तसेच उभे ठेवले, रंगाला हात लावला नाही. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही कान उघडे पडले. आरशातला माणूस मला ओळखीचा वाटला नाही, पण त्याच्याशी भांडण काढायची हिंमत कोणी केली नसती. व्रणाच्या कडेने विलासने दोनदा मशीन फिरवलं. यात थोडं माझंही आहे, म्हणाला.

खंडेनवमी

पूजा झाली, नारळ फुटला. माइक खैरेंच्या हातात होता, दरवर्षी तेच सूत्रसंचालन करतात. मला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग सावरून म्हणाले, आपले बालाजी मोठी लढाई जिंकून आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. माइक त्यांनीच माझ्या हातात दिला. मी तो मागणार होतो, ते कष्ट वाचले.

मी मोबाइल काढला आणि वाचलं. न भरून येणारी पोकळी. मानेला गाठ असतानाही. एक दिवसही सुट्टी घेतली नाही. सावकाश वाचलं, एकही शब्द न गाळता. सुरुवातीला मागे कोणीतरी हसलं, मग ते थांबलं. फोटोखाली रांग लावणारे कित्येकजण समोरच उभे होते आणि आपापल्या बुटांकडे बघत होते.

मग मी म्हटलं, "सुट्टी मी मागितली होती, साहेब. तुम्ही दिली नाही. न्हाव्याने निदान केलं म्हणून तुम्ही हसलात आणि मीही हसलो. माझ्या हसण्याची माफी मी त्या न्हाव्याकडे मागितलीय. आजचे केस त्यानेच कापलेत. त्याला गाठ सापडली ती ही इथे होती."

मी मान डावीकडे वळवली आणि तसाच उभा राहिलो. मनात दहापर्यंत मोजले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला त्या नकोच होत्या. वरच्या साहेबांनी खैरेंकडे पाहिलं. खैरे जमिनीकडे बघत होते. तेवढ्यासाठी मी सहा महिने खिचडी खाल्ली होती.

नंतर प्रसाद वाटताना खैरे माझ्यापाशी आले. द्रोण पुढे करून खालच्या आवाजात म्हणाले, बालाजी, मला माफ करा. आप्पांचा ओट्यावरचा दीड तास माझ्या डोळ्यांपुढे होता. मी खोबऱ्याचा तुकडा उचलला. प्रसाद घेतो, म्हटलं. बाकीचं जमणार नाही.

आता

या गोष्टीला दीड वर्ष झालं. तपासण्या व्यवस्थित येतात. आप्पा गावी परत गेले. जाताना त्यांनी माझे केस ओढून पाहिले, घट्ट आहेत का.

सूड घेऊन मन शांत होत नाही, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं झालं. पूर्ण नाही, पण झोप येण्याइतकं झालं. तुम्हाला राग असेल तर ठेवा. फक्त गोळ्या वेळेवर घ्या, घरच्यांना खरं सांगा, आणि तुमच्या अंगाला नेहमी हात लावणारा माणूस काही सांगत असेल तर तो कोण आहे हे न बघता ऐका.

खैरे अजून आमचे विभागप्रमुख आहेत. कोणी सुट्टीचा अर्ज घेऊन आलं की मी मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळून जातो. त्यांची नजर आधी माझ्या मानेकडे जाते आणि मग ते सही करतात. कारण विचारत नाहीत.

परवा महिन्याचा पहिला शनिवार होता. डावीकडच्या खुर्चीत बसलो. विलासने वरचे केस बोटांत धरून मोजले आणि म्हणाला की कुरळेपणा गेलाय, आता सोडले तर दिवाळीपर्यंत मानेवर येतील, तुमची जुनी स्टाइल पुन्हा बसवून देतो. मी आरशात पाहिलं. खरंच होण्यासारखे होते.

"नको," मी म्हटलं. "खैरेंच्या रिटायरमेंटला चार वर्षं आहेत. तोपर्यंत हाच कट."

विलास हसला. मशीन सुरू करण्याआधी त्याने दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या खाली ठेवली, डोळे मिटले, हळूहळू खांद्यापर्यंत आणली. मी श्वास धरून बसलो होतो.

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने उजव्या बाजूने सुरुवात केली.